खुळखुळे मासे

"बंड्या कुठाय?" धक्क्यावर पोचल्या पोचल्या जयवंतनं विचारलं.

"घरी बांधून ठेवलाय."

"का?"

"उगाच भुंकेल. मासे पळतील."

"भुंकण्यानं मासे पळत नाहीत गो. पायांच्या धपधपीनं पळतात. आणि म्हणे बीएस्सी झूलॉजी!" तो हसला आणि पेटी उघडायला खाली बसला.

मी कडेवरच्या ओजसला चटईवर बसवलं, पाण्यापासून चांगली पंधरा पावलं लांब. ओढणीचं एक टोक त्याच्या कमरेला बांधलं, दुसरं माझ्या मनगटाला.

"पोर आहे की बोकड?" जयवंत म्हणाला.

"असू दे. तुझं लक्ष माशाकडे असणार. मला त्याला सांभाळायचंय."

ही सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. देवगडच्या अलीकडच्या एका खाडीच्या तोंडाशी आमचं गाव. गावाचा धक्का जुना, दगडी. रात्री साडेनऊ वाजले होते, भरतीचं पाणी खाडीत चढत होतं. कार्तिकातली अमावस्या. बॅटरीच्या उजेडाबाहेर स्वतःचा हातसुद्धा दिसत नव्हता. मला तसाच काळोख हवा होता, पण ते मी अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

जयवंतचं बोटींची मशिनं दुरुस्त करायचं दुकान होतं. दिवसभर ग्रीस आणि धूर, आणि हंगामात महिन्यातून आठ-दहा रात्री हे. त्याच्या आतेभावानं मस्कतहून आणून दिलेली तीन मजली पेटी, आणि तिच्यात ओळीनं झोपवलेले ल्यूर. सासूबाई त्यांना 'खोटी मासळी' म्हणत. खऱ्या कोळंबीवर मासा लागत असताना माणसानं प्लॅस्टिकचा मासा का टाकावा, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

"आज कुठला लावणार?" मी बॅटरी धरत विचारलं.

जयवंतनं मान वर करून पाहिलं. लग्नाला पाच वर्षं झाली होती, आणि हा प्रश्न मी पहिल्यांदाच विचारत होते. तो इतका खूश झाला की मलाच अपराधी वाटलं.

"हे बघ. चांदणी रात्र असली तर चंदेरी चालतो. पण अमावस्येला काळा. लोक नेमके उलट करतात, अंधार म्हणून चकचकीत टाकतात. चणक मासा खालून वर बघतो ना? त्याला आभाळ जरा उजळ दिसतं. त्याच्यावर काळी आकृती उठून दिसते. कळलं?"

"कळलं."

"पण आज पाणी गढूळ आहे. काळासुद्धा दिसायचा नाही. मग काय करायचं? मग आवाजाचा." त्यानं मधल्या मजल्यावरून एक बोटभर मासा उचलला आणि कानाशी धरून हलवला. "पोटात छर्रे असतात ह्याच्या. ऐक."

खुळ्ळ खुळ्ळ, असा बारीक आवाज आला.

"हा पितळी छऱ्यांचा. हा जाड आवाजाचा, काचेचा. आणि हा बघ, ह्याच्यात एकच मोठी गोळी आहे. टक टक करतो. दिसो न दिसो, माशाला हे ऐकू जातंच. कानानं नाही, सगळ्या अंगानं."

"सगळ्यांत मोठा आवाज कुठल्याचा?"

"हा तांबडा. का?"

"मला दे ना. गऱ्या काढून."

"तुला?"

"ओजसला खेळायला."

त्यानं पक्कडीनं त्या तांबड्याच्या दोन्ही गऱ्या, पोटाखालचे आकडे, काढून तो मला दिला. मग स्वतःहूनच एक रबरी मासा बॅटरीवर धरून उजळवला आणि ओजसच्या हातात ठेवला. तो अंधारात हिरवट चमकायला लागला. ओजसनं तो दोन्ही हातांत धरला आणि गालाला लावला.

ओजस तेव्हा दोन वर्षं नऊ महिन्यांचा होता. एक शब्द बोलत नव्हता. आई नाही, पाणी नाही, काही नाही. हवं ते बोटानं दाखवायचा, नाही मिळालं तर किंचाळायचा. सासूबाई रोज सकाळी सहाणेवर वेखंड उगाळून मधातून त्याच्या जिभेला लावायच्या.

"चार वर्सां होयसर जयवंत एक अक्षर बोलूक नाय," त्या म्हणायच्या. "आता बघ, तोंड बंद जाता त्याचा?"

"पण आई, मला वाटतं त्याला ऐकूच येत नसेल."

"इश्श! कान तिखट आसत माझ्या नातवाचे. बापाच्या गाडयेचो आवाज सगळ्यांच्या आदी तेकाच येता."

हे खरं दिसायचं. संध्याकाळी जयवंतची मोटरसायकल चढणीला लागली की ओजस हातातलं टाकून दाराकडे धावायचा. घरातले सगळे माझ्याकडे बघायचे, बघ म्हणून. पण मी दिवसभर त्या पोराकडेच बघत असायचे, दुसरं कामच नव्हतं मला. मी बघितलं होतं की आधी बंड्या कान टवकारायचा. मग बंड्या उठायचा. मग ओजस. एकदा बंड्या समुद्रावर हुंदडायला गेला होता, त्या संध्याकाळी मोटरसायकल फाटकापर्यंत आली, बंद झाली, जयवंतनं दोनदा हॉर्न दिला. ओजस दाराकडे पाठ करून बाटल्यांची झाकणं रचत बसला होता. जयवंत आत आला, त्याची सावली भिंतीवर पडली, तेव्हा कुठे तो उडी मारून उठला.

मी हे जयवंतला सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "म्हणजे कुत्र्याच्या साक्षीनं तू माझ्या पोराला बहिरा ठरवणार?"

मिरज माझं माहेर. तिथे कानांची तपासणी होते, लहान मुलांना झोपवून मशीनवर करतात, हे माझ्या मैत्रिणीनं सांगितलं होतं. मी दोनदा वेळ घेतली. पहिल्यांदा ऐन हंगामात मशिनं आली म्हणून राहिलं. दुसऱ्यांदा बॅगा भरून तयार होते, तर सासूबाईंनी त्या दिवशी काही खाल्लंच नाही. "धड पोराक रोगी म्हणान दाखवूक नेतत," असं शेजारी सांगून आल्या. तालुक्याचे डॉक्टर म्हणाले, तीन वर्षं होऊ देत, मग बघू. सगळ्यांचं म्हणणं एकच: बघू. बघत मात्र कुणीच नव्हतं.

आता सोमवारची वेळ मिळाली होती. आज शुक्रवार. दुपारी मी जेवताना विषय काढला, तर जयवंत म्हणाला, "नको. उगाच त्याला औषध देऊन झोपवायचं, डोक्याला तारा लावायच्या. तो शहाणा आहे." आणि हात धुवायला उठून गेला. मी ताट तसंच ठेवलं.

संध्याकाळी तो रॉड काढायला लागला तेव्हा मी म्हणाले, "मीपण येते. ओजसला घेऊन."

"कुठे येतेस?"

"तू जातोस तिथे."

सासूबाई आतून ओरडल्या, "अगो, गरीक जाणाऱ्याक खंय म्हणान विचारू नये, आणि हे तर संगतीक जातत! पोराक घेवन काळोखात? येडी काय गो तू?"

पण जयवंतला बरं वाटलं असावं. दुपारपासून आम्ही बोललो नव्हतो. तो म्हणाला, "येऊ दे आये, तासभर."

तर असे आम्ही धक्क्यावर होतो. पाणी गढूळ होतं तरी जयवंतनं आधी काळाच लावून बघायचं ठरवलं. धक्क्याच्या कडेशी जाऊन त्यानं फेकलं. ल्यूर लांब कुठेतरी पाण्यात पडल्याचा टप्प असा आवाज आला. तो हळूहळू गुंडाळत राहिला. पुन्हा फेकलं. पुन्हा गुंडाळलं.

मी बॅटरी बंद केली.

घरी मी हे किती वेळा करून पाहिलं होतं! भांडं आपटून, मागून टाळी वाजवून, दार लावून. दर वेळी काहीतरी आड यायचं. टाळीचा वारा मानेला लागायचा. भांडं आपटलं की समोर बसलेल्या सासूबाई दचकायच्या आणि ओजस त्यांचं तोंड बघून मागे वळायचा. आणि त्या म्हणायच्या, "वळलो! बघ, वळलो!" पोर सगळं डोळ्यांनी गोळा करत होतं. मला फक्त दहा मिनिटं काळोख हवा होता, ज्यात त्याला कुणाचं तोंड दिसणार नाही, कुत्रा दिसणार नाही, सावली दिसणार नाही.

मी त्याच्या मागे सरकले. तांबडा ल्यूर त्याच्या डाव्या कानामागे हातभर अंतरावर धरला आणि हलवला.

ओजसनं झटकन मागे वळून पाहिलं. हातातल्या माशाच्या हिरवट उजेडात त्याचं तोंड दिसलं.

माझ्या तोंडून हुंदकाच आला. हसावं की रडावं कळेना. म्हणजे मी इतके महिने वेडीच होते. किती बरं वाटलं मला वेडी असण्याचं! मी पुन्हा हलवला, नुसता आनंदानं. तो पुन्हा वळला. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हात हलवला की माझ्या मनगटाची ओढणी ताणली जात होती. दुसरं टोक त्याच्या कमरेला होतं.

मी ओढणी सोडली. एका हातानं गाठ सुटेना, दातांनी सोडली. डावा हात त्याच्यापुढे आडवा धरून ठेवला, अंगाला न लावता, तो उठला तर धरता यावा म्हणून. पुन्हा ल्यूर उचलला, तेवढ्यात जयवंतनं बॅटरी मागितली.

"हा बदलतो. काळ्याला काही नाही. तो काचेचा कुठे ठेवलास?"

"पेटीतच आहे."

"उजेड धर ना जरा. नीट धर. तुझं लक्ष कुठाय?"

पाच मिनिटं त्याची गाठ बांधण्यात गेली. त्यानं फेकलं. मी बॅटरी बंद केली. ओजसच्या मागे गेले, तर पलीकडच्या काठावर एक मोटर आली आणि तिचे दिवे धक्क्यावरून फिरले. ओजस त्या उजेडाकडे वळून बघत राहिला. मी थांबले. दिवे गेले. मी ल्यूर उचलला.

"वृंदा, पाण्याची बाटली दे."

मी बाटली इतक्या जोरात ठेवली की तो म्हणाला, "काय झालं आता?"

"काही नाही. मासे पकड तू."

शेवटी एकदाचं सगळं थांबलं. वारा पडला होता. ओजस त्या हिरव्या माशाला मांडीवर झोपवत होता, मला त्याच्या बोटांच्या कडा तेवढ्या दिसत होत्या. मी डाव्या कानामागे खुळखुळवलं. उजव्या कानामागे खुळखुळवलं. मग अगदी जवळ, वीतभरावर, जोरात, कितीतरी वेळ.

हिरव्या उजेडातली ती बोटं आपलं काम करत राहिली.

"जयवंत," मी म्हणाले. "इकडे ये."

"थांब, हा आत येतोय."

"आत्ता ये!"

तो रॉड घेऊनच आला. मी पुन्हा खुळखुळवून दाखवलं. एकदा, दोनदा.

"मग?" तो म्हणाला.

"वळला का तो?"

"खेळात गुंग आहे. मी क्रिकेट बघत असताना तू हाका मारतेस तेव्हा मी तरी वळतो का?"

"जयवंत, कृपा कर. विनोद नको."

मग त्याच्या लक्षात आलं. "म्हणून आलीस तू? म्हणून बंड्याला बांधलंस? आणि मी इकडे येड्यासारखो काळो की तांबडो ता समजावतंय तुका!"

"दुसऱ्या कशानं तू बघणार होतास?"

"तू पोराची परीक्षा घेतेस, वृंदा. रोज. उठल्यापासून. तो जेवतो तेव्हा घेतेस, खेळतो तेव्हा घेतेस. आई म्हणून कधी बघणार त्याच्याकडे?"

ते मला लागलं. अजून लागतं. मी काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. त्याच्या आईविषयी बोलले, त्याच्या दुकानाविषयी बोलले, तुम्हा सगळ्यांना लाज वाटते म्हणून पोराचं नुकसान करताय असं म्हणाले. रागात त्यानं पुन्हा एकदा फेकलं आणि न गुंडाळताच रॉड धक्क्यातल्या लोखंडी नळीत खोचला. ओजस पाण्याकडे पाठ करून बसला होता, आणि ती नळी चटईच्या मागेच, त्याच्या पाठीपासून दोन-तीन हातांवर होती. मग तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"सोमवारी तू जा," तो म्हणाला. "एकटी जा. मी येणार नाही. आणि तिथे डॉक्टरनं सांगितलं ना, काही नाही म्हणून, तर परत हा विषय..."

त्याचं वाक्य अर्धंच राहिलं.

भरतीच्या ओढीत ल्यूर आपोआपच पोहत असणार, त्याला काहीतरी लागलं. रॉड नळीत कडकन वाकला आणि रीळ ओरडायला लागलं. मोठा मासा दोर ओढून नेतो तेव्हा रीळ कसं ओरडतं, हे ज्यानं ऐकलं नाही त्याला सांगता येणार नाही. पत्र्यावर खिळा ओढत न्यावा तसं, पण न थांबता. मी दचकून दोन पावलं मागे गेले. जयवंत आख्खा हंगाम ह्या आवाजाची वाट बघत होता. त्यानं रॉडकडे झेप घेतली.

आणि मधेच थांबला.

त्याच्या आणि रॉडच्या मध्ये चटई होती. चटईवर ओजस बसला होता. रीळ त्याच्या पाठीमागे जिवाच्या आकांतानं ओरडत होतं. ओजसनं हिरवा मासा उचलला, नाकाशी धरला, पुन्हा मांडीवर ठेवला. त्या हिरव्या उजेडात त्याची मान हलली नाही. खांदे हलले नाहीत.

जयवंत तिथेच उभा होता. हात पुढे केलेले तसेच. मी त्याला म्हणाले, "मासा जाईल." का म्हणाले ते मला माहीत नाही. रीळ ओरडतच राहिलं, मग दोर संपला असावा. तट्ट असा आवाज झाला आणि सगळं शांत झालं.

त्यानं रॉडला हात लावला नाही. चपला काढल्या, हळूच जाऊन ओजसच्या मागे उकिडवा बसला.

"पेटी दे," तो म्हणाला.

मी दिली.

"तांबडा दे."

तो त्यानं हलवला. मग माझ्याकडे हात केला. "दुसरा."

मी काळोखात चाचपून दुसरा दिला. एक गरी माझ्या अंगठ्यात घुसली, ती उपसून काढली. त्यानं दुसरा हलवला. डावीकडे, उजवीकडे.

"एक गोळीवाला."

टक टक, टक टक.

"वरच्या मजल्यावर एक पांढरा आहे. मोठा आहे. तो बघ."

"तो ह्याच्यापेक्षा बारीक वाजतो, जयवंत."

"दे तू."

तो पेटीतला एकेक मासा मागत होता आणि मी देत होते. काहींच्या पोटात छर्रे नव्हतेच. ते तो नुसतेच हलवत होता. शेवटी त्यानं आमचा स्टीलचा डबा घेतला, आतल्या पोळ्या चटईवर ठेवल्या, सात-आठ ल्यूर त्यात टाकले, झाकण लावलं आणि दोन्ही हातांनी हलवला. गावातले कुत्रे भुंकायला लागले. कुठेतरी खिडकीत दिवा लागला.

ओजस वळला.

"वळलो!" जयवंत ओरडला. "वृंदा, बघलंस? आयकता तो!"

इतके महिने मला एकच हवं होतं, ह्या माणसानं माझं खरं मानावं. आणि त्या क्षणी मला त्याच्या हातून तो डबा काढून घ्यावा, आणि हो, वळला, चल घरी जाऊ, असं म्हणावं असं फार वाटलं. पण मी बघितलं होतं.

"तुझा गुडघा लागला त्याच्या पाठीला," मी म्हणाले.

तो हातभर मागे सरकला. डबा पुन्हा हलवला. बराच वेळ हलवला.

मग त्यानं झाकण काढलं, ल्यूर एकेक करून पेटीत होते तसे ठेवले, काळोखातच. पोळ्या डब्यात ठेवल्या. मी तुटका दोर गुंडाळला. येताना त्यानं ओजसला खांद्यावर घेतलं. चढण चढेपर्यंत ओजस झोपला. वाटेत जयवंतनं एकदाच विचारलं, "सोमवारी किती वाजता?"

"साडेदहा."

"मग रविवारी निघूक व्हया."

सासूबाई पडवीत दिवा लावून जाग्या होत्या. बंड्या दोरीला हिसके देत होता. आम्हाला बघून त्या उठल्या.

"गावला काय?"

"होता एक. गेला," जयवंत म्हणाला.

"जाणारच. संगतीक गेली ना ही. पोराक दे माझ्याकडे, निजवतंय."

त्यानं ओजसला दिलं नाही. तसाच खांद्यावर धरून पडवीत उभा राहिला आणि नेहमीच्या आवाजात, त्याचा आवाज मोठाच होता, दिवसभर मशिनांत राहून झालेला, म्हणाला, "आये, तेका आयकाक येणा नाय."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग त्याच्याकडे. मला वाटलं आता त्या ओरडतील, मला बोलतील. त्या पुढे आल्या, ओजसच्या पाठीवर हात ठेवला आणि कुजबुजल्या, "हळू बोल. जागो होतलो तो."

जयवंतनं मान हलवली. आणि पुढचं सगळं, मिरज, सोमवार, ती मशीनवरची तपासणी, किती दिवस लागतील, हे आम्ही तिघांनी पडवीत उभ्या उभ्या, अगदी हळू आवाजात बोलून घेतलं.